तलावाचे पाणी आणि कारागिराची पारख

ऑगस्ट २०१६. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो शहरात ऑलिंपिक सामने चालू होते. तेथील मारिया लेंक जलक्रीडा केंद्रात दोन तलाव शेजारीशेजारी होते. एक उंचावरून सूर मारण्याच्या स्पर्धांसाठी, दुसरा वॉटरपोलोसाठी. ९ ऑगस्टला प्रेक्षक येऊन बसले आणि पाहतात तो काय, आदल्या दिवशी निळेशार असलेले सूर मारण्याच्या तलावाचे पाणी हिरवेगार झालेले! शेजारचा तलाव निळाच होता, पण दुसऱ्या दिवशी त्याचाही रंग पालटला.

सुरुवातीला याची निरनिराळी कारणे सांगण्यात आली. अखेर १३ ऑगस्टला आयोजकांनी खुलासा केला. देखभालीचे काम करणाऱ्या कंत्राटदाराकडून ५ ऑगस्टला पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले गेले होते. त्यामुळे पाण्यातला क्लोरीन निकामी झाला आणि शेवाळाला रान मोकळे मिळाले. शेवटी एका तलावातील सुमारे ३७ लाख लिटर पाणी काढून तेथे दुसरे पाणी भरावे लागले.

यातली गंमत पाहा. क्लोरीन हे जंतुनाशक आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड हेही जंतुनाशक आहे. दोघेही एकेकटे असताना जंतूंचे वैरी. पण एकत्र आले की ते एकमेकांनाच संपवतात. मागे उरतात क्लोराइड, पाणी आणि ऑक्सिजन. त्यांपैकी कोणीही जंतूंच्या वाटेला जात नाही. म्हणजे दोन औषधे एकत्र केल्याने दुप्पट गुण आला नाही. होता तोही गेला.

विद्यार्थी मित्रांनो, ऑलिंपिकसारख्या ठिकाणी हे घडू शकते, तर तुमच्या शाळेच्या, नगरपालिकेच्या किंवा गृहसंस्थेच्या तलावाचे काय? तलाव आपण स्वतः राखत नाही. त्यासाठी कोणाला तरी बोलावतो, कामावर ठेवतो, पैसे देतो. त्या माणसाचे काम चांगले झाले की वाईट, हे आपल्याला कसे कळणार? पाणी निळे दिसले म्हणजे झाले का? या प्रश्नांची उत्तरे तुमच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातच आहेत. ती शोधू या.

क्लोरीन आहे, पण कामाचा किती?

तलावात क्लोरीन वायूच्या रूपाने टाका, ब्लीचिंग पावडरच्या रूपाने टाका किंवा वड्यांच्या रूपाने टाका. पाण्यात गेल्यावर त्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते. जंतू मारण्याचे खरे काम हे आम्ल करते. परंतु त्यातले काही रेणू फुटून हायपोक्लोराइट आयन बनतात. या आयनावर ऋण विद्युतभार असतो. जंतूच्या पृष्ठभागावरही ऋणभारच असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात हे तुम्ही शिकला आहात. त्यामुळे हा आयन जंतूच्या आत सहज शिरू शकत नाही आणि त्याची मारकशक्ती कित्येक पटींनी कमी पडते.

मग आम्ल किती आणि आयन किती, हे कशावर ठरते? पाण्याच्या सामूवर, म्हणजे ज्याला आपण पीएच म्हणतो त्यावर. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली ही मोजपट्टी तयार केली. सामू ७ असेल तर सुमारे तीन चतुर्थांश क्लोरीन आम्लाच्या रूपात असतो. सामू ७.५ झाला की तो निम्म्यावर येतो. सामू ८ झाला की जेमतेम एक चतुर्थांश उरतो. आकडा ७ वरून ८ वर गेला एवढेच; पण तेवढ्यात तलावाचा पहारेकरी एक तृतीयांश बळावर आला! ब्लीचिंग पावडर स्वतः अल्कधर्मी असते. ती रोज टाकत राहिले आणि सामू पाहिलाच नाही, तर जंतुनाशक वाढवता वाढवता त्याची धार बोथट करण्याचा उद्योग आपण करीत राहतो.

म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांची शिफारस अशी आहे की, तलावात मुक्त क्लोरीन दहा लाख भागांत किमान १ भाग असावा आणि सामू ७.० ते ७.८ च्या दरम्यान असावा. या दोन्ही गोष्टी मोजणे सोपे आहे. डीपीडी नावाच्या रसायनाची गोळी पाण्याच्या नमुन्यात टाकली की क्लोरीनच्या प्रमाणात गुलाबी रंग येतो. फेनॉल रेडचे थेंब टाकले की सामूप्रमाणे पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग येतो. आलेला रंग पेटीवरील रंगांशी जुळवून पाहायचा. दोन मिनिटांचे काम आहे.

नाकावर विश्वास ठेवू नका

तलावाजवळ जाताच उग्र वास आला, की लोक म्हणतात, "आज क्लोरीन फार झालेला दिसतो!" बहुतेक वेळा खरी गोष्ट उलटी असते. पोहणाऱ्यांच्या अंगावरचा घाम आणि पाण्यात मिसळलेली लघवी यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइने तयार होतात. तो वास त्यांचा असतो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो तोही प्रामुख्याने त्यांच्यामुळेच. वासाचा अर्थ असा की क्लोरीनचा बराच भाग या घाणीशी झुंजण्यात खर्ची पडला आहे. अशा वेळी वास येतो म्हणून क्लोरीन कमी करणारा माणूस रोग्याचे औषधच बंद करतो. खरा जाणकार मुक्त क्लोरीन व एकूण क्लोरीन असे दोन्ही मोजतो. दोहोंतील फरक म्हणजे क्लोरामाइनांत अडकलेला क्लोरीन. तो फरक वाढला की ताजे पाणी घालणे किंवा क्लोरीनचा एकदम मोठा डोस देऊन क्लोरामाइने मोडून काढणे, हे उपाय तो करतो. तुमच्या बाजूने उपाय एकच आणि फुकटचा आहे: पाण्यात उतरण्यापूर्वी एक मिनिट अंघोळ.

क्लोरीनलाही वेळ लागतो, हे लक्षात असू द्या. दहा लाखांत १ भाग क्लोरीन आणि सामू ७.५ असताना ई. कोलाय या जंतूंचा निकाल एका मिनिटाच्या आत लागतो. हेपॅटायटिस अ चा विषाणू सुमारे १६ मिनिटे तग धरतो, जिआर्डिया सुमारे ४५ मिनिटे. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी जाड कवचाच्या जोरावर १० दिवसांहून अधिक टिकतो! तो जुलाब झालेल्या माणसाकडून पाण्यात येतो. म्हणून जुलाब होत असताना पोहायला न जाणे हा शिष्टाचार नव्हे, दुसऱ्याच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

गाळणीचे गणित

क्लोरीन जंतू मारतो. पण धूळ, केस, मेलेले शेवाळ काढायला गाळणी लागते. पंप तलावातले पाणी ओढतो, ते वाळूच्या थरांतून गाळले जाते आणि पुन्हा तलावात येते. फार बारीक कण वाळूच्या फटींतून निसटतात. त्यांचे पुंजके व्हावेत म्हणून तुरटी वापरतात. वाळूत कचरा साठला की पाण्याला वाट मिळत नाही आणि गाळणीवरच्या दाबमापकाचा काटा चढतो. स्वच्छ गाळणीच्या दाबापेक्षा तो दर चौरस सेंटीमीटरला अर्धा ते पाऊण किलोग्रॅमने वाढला, की उलट दिशेने पाणी सोडून वाळू धुवायची.

समजा, तलावात जितके पाणी आहे तितके पाणी गाळणीतून जायला ६ तास लागतात. मग ६ तासांनी सगळे पाणी गाळले गेले का? नाही. गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळते आणि त्यातले काही पुन्हा गाळणीकडे येते. पाणी चांगले ढवळले जात असेल, तर एका फेरीनंतर सुमारे ३७ टक्के पाणी गाळणी न पाहिलेलेच राहते. दोन फेऱ्यांनी सुमारे १४ टक्के, तीन फेऱ्यांनी ५ टक्के आणि चार फेऱ्यांनी २ टक्के.

पटत नसेल तर प्रयोग करून पाहा. बादलीत मोजून १० पेले पाणी घ्या आणि शाई टाकून ते निळे करा. त्यातले एक पेलाभर वेगळे ठेवा आणि बादलीत एक पेला स्वच्छ पाणी घालून ढवळा. आता एक पेला काढून फेका, एक पेला स्वच्छ पाणी घाला, ढवळा. काढणे आणि घालणे एकूण दहा वेळा झाले म्हणजे थांबा. बादलीतले सगळे पाणी बदलण्याइतके पाणी तुम्ही ओतले आहे, तरी निळा रंग राहीलच! सुरुवातीला वेगळ्या ठेवलेल्या पाण्याच्या एका भागात दोन भाग स्वच्छ पाणी मिसळा आणि दोन्ही रंग शेजारी धरून पाहा. ते जवळजवळ सारखे दिसतील. कारण १ ला ०.९ ने दहा वेळा गुणत गेल्यावर उत्तर ०.३५ च्या आसपास येते. आता एखादा म्हणाला, "विजेची बचत म्हणून पंप दोनच तास चालवू," तर त्याला काय उत्तर द्यायचे ते तुम्हाला कळले.

किती टाकायचे?

२५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलाव घ्या. २५ × १० × १.५ = ३७५ घनमीटर, म्हणजे ३,७५,००० लिटर. पाण्याचे वजन ३,७५,००० किलोग्रॅम. दहा लाखांत १ भाग क्लोरीन हवा, तर ३७५ ग्रॅम क्लोरीन लागेल. ब्लीचिंग पावडरीत उपयोगी क्लोरीन ३० टक्के असेल, तर पावडर सव्वा किलो लागेल. ६५ टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल, तर सुमारे ५७७ ग्रॅम पुरेल. पण दमट हवेत उघडी पडलेली जुनी पावडर आपली शक्ती गमावते. शिवाय कडक उन्हात हायपोक्लोरस आम्ल भराभर मोडते. म्हणून हिशेब करून टाकायचे आणि टाकल्यावर किती उरले ते मोजायचे. नुसता अंदाजाने मग उपडा करणे हे तलाव राखणे नव्हे.

उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करण्यासाठी सायन्युरिक आम्ल वापरतात. काही वड्यांत ते आधीच मिसळलेले असते. अशा वड्यांनी दहा लाखांत १० भाग क्लोरीन दिला, की त्याबरोबर सुमारे ६ भाग सायन्युरिक आम्लही पाण्यात येते. क्लोरीन खर्च होतो. हे आम्ल मात्र साठत जाते आणि साठले की क्लोरीनलाच जखडून ठेवते. मग पाण्याचा काही भाग बदलण्यावाचून गत्यंतर नसते. तेव्हा तलावाची निगा राखणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न असा: "तुम्ही कोणत्या प्रकारचा क्लोरीन वापरता?"

कारागिराला बोलावण्याआधी

तलावातले पाणी रोज कमी होते आहे. गळती आहे की उन्हाने वाफ होते आहे? गळतीची चिंता फार जुनी आहे. मोहेंजोदडोचे महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. त्याच्या विटा जिप्समच्या गिलाव्यात घट्ट बसवलेल्या आहेत आणि पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिलेला आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनाही पाण्याचा हा स्वभाव पक्का ठाऊक होता!

गळती ओळखायला एक बादली पुरते. बादलीत तलावाचेच पाणी भरा आणि ती तलावाच्या पायरीवर अशी ठेवा की आतली व बाहेरची पातळी सारखी राहील. दोन्ही ठिकाणी खूण करा. २४ तासांनी पाहा. ऊन, वारा, तापमान दोघांनाही सारखेच लाभले. म्हणून बादलीतली घट ही केवळ वाफेची. समजा, बादलीत पाणी ६ मिलिमीटर उतरले आणि तलावात १४ मिलिमीटर. फरक ८ मिलिमीटर. वर घेतलेल्या तलावाचा पृष्ठभाग २५० चौरस मीटर आहे. तेव्हा ८ मिलिमीटर म्हणजे दिवसाला २,००० लिटर पाणी जमिनीत जात आहे!

आता हीच चाचणी एकदा पंप चालू ठेवून व एकदा बंद ठेवून करा. पंप चालू असताना घट जास्त असेल, तर दाबाखालच्या नळावर संशय घ्यावा. दोन्ही वेळा सारखी असेल, तर भिंत, तळ किंवा फरशीचे सांधे पाहावेत. पहिल्या कामाला नळ कारागीर लागेल, दुसऱ्याला गवंडी. बादलीने तुम्हाला कोणाला बोलवायचे तेही सांगितले. घरात तलाव नसला तरी बिघडत नाही. गच्चीवरच्या टाकीची पातळी रात्री सगळे नळ बंद असताना व सकाळी मोजून असाच निष्कर्ष काढता येतो.

गावचा कारागीर कशाला?

"दुरुस्ती करायची आहे, तलाव रिकामा करा," असे कोणी भर पावसाळ्यात म्हणाले तर सावध व्हा. तलाव बाहेरून १०.४ मीटर लांब, ५.४ मीटर रुंद व १.७ मीटर खोल आहे आणि त्याचे काँक्रीट २० सेंटीमीटर जाड आहे असे धरा. त्याने सुमारे ९५ घनमीटर जागा व्यापली आहे. जमिनीतले पाणी काठापर्यंत चढले, तर आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे तलावाला सुमारे ९५ टनांचा जोर वर ढकलील. काँक्रीट सुमारे २० घनमीटर, म्हणजे वजन सुमारे ४९ टन. आत ७५ टन पाणी आहे तोवर काही होत नाही. ते काढले की तलाव ही एक होडीच! तो उचलला जातो, तडकतो, नळ तुटतात. अतिवृष्टीच्या प्रदेशात ही भीती खरी आहे.

आपल्या जमिनीत पाणी कोणत्या महिन्यात किती वर येते, बोअरचे पाणी जड आहे की मृदू, कोणत्या बाजूला मुरूम आहे आणि कोठे काळी माती, हे परगावच्या माणसापेक्षा जवळच्या अनुभवी गवंड्याला अधिक ठाऊक असते. गावच्या कारागिराचे मोल केवळ तो लवकर येतो यात नाही. या माहितीत आहे. मात्र एकच माणूस सगळी कामे करीन म्हणाला, तर थोडे थांबा. गवंडीकाम, नळकाम आणि वीज या तीन वेगळ्या विद्या आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये नळ कारागीर, वीजतंत्री आणि तारतंत्री यांचे अभ्यासक्रम वेगवेगळे असतात ते उगाच नव्हे.

जेथे चूक परवडत नाही

काम देताना खर्चाचा व साहित्याचा अंदाज लेखी घ्यावा, पूर्वी केलेले एखादे काम पाहून यावे आणि काही रक्कम चाचणी होईपर्यंत हाती राखावी. दुरुस्तीनंतर बादलीची चाचणी पुन्हा घ्यावी. पण पैशांपलीकडच्या तीन गोष्टी आहेत.

पहिली, वीज. ओल्या अंगाला विजेचा धक्का जिवावर बेतणारा असतो. पंपाची व दिव्यांची जोडणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावी. ३० मिलिअँपिअर गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसवले आहे ना, ते चालते ना, हे त्याच्याकडून दाखवून घ्यावे.

दुसरी, तळातील जाळी. पंप तेथून पाणी ओढतो. जाळी २० सेंटीमीटर लांबरुंद असेल आणि दाबातला फरक अर्ध्या वातावरणाइतका झाला, तर ती पूर्ण झाकणाऱ्या शरीरावर सुमारे २०० किलोग्रॅम वजनाइतका जोर येतो. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची एक मुलगी अशा ओढीत सापडून दगावली. तिच्या नावाने तेथे २००७ साली कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांना सुरक्षित झाकणे सक्तीची झाली. पंपाला एकमेकांपासून दूर असलेली दोन तोंडे असावीत आणि तुटलेल्या जाळीच्या तलावात कोणालाही उतरू देऊ नये.

तिसरी, रसायनांची खोली. सामू उतरवण्यासाठी ठेवलेले आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली, तर क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने तळघरातल्या पंपाच्या खोलीत तळाशी साचतो. तेथे आपण नसतो, कामगार असतो. म्हणून दोन्ही रसायने वेगवेगळ्या ठिकाणी, कोरड्या जागी ठेवावीत. दोघांना एकच मग वापरू नये. रसायन पाण्यात घालावे, रसायनावर पाणी ओतू नये. हातमोजे, चष्मा आणि हवा खेळती ठेवणारा पंखा यांचा खर्च ज्याने काम दिले त्याने करायचा असतो. तो वाचवणे म्हणजे दुसऱ्याच्या फुप्फुसांवर केलेली काटकसर होय. आणि तुम्ही मुलांनी ही रसायने हाताळायची नाहीत. मोजायचे काम मात्र शिक्षकांच्या देखरेखीखाली अवश्य करायचे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेत किंवा जवळपास तलाव असेल तर विद्यार्थ्यांच्या एका गटाने महिनाभर रोज ठरावीक वेळी सामू, मुक्त क्लोरीन, पाण्याची पातळी आणि पोहणाऱ्यांची संख्या नोंदवावी व त्यांचे आलेख काढावेत. गर्दीच्या दिवशी क्लोरीनची रेघ कशी खाली येते, कडक उन्हाच्या दुपारी काय होते, हे मुलांना स्वतःच दिसेल. तलाव राखणाऱ्या कामगारालाही त्या गटात बोलवावे. वर्षानुवर्षे पाणी पाहिलेल्या डोळ्यांना जे दिसते, ते आलेखाशी ताडून पाहण्यात दोघांनाही शिकायला मिळेल.

आणि तुम्ही पुढच्या वेळी पोहायला जाल, तेव्हा उडी मारण्यापूर्वी काठावर क्षणभर थांबा. तळातली जाळी स्पष्ट दिसते का? ती शाबूत आहे का? नोंदवहीत आजचा सामू आणि क्लोरीन लिहिला आहे का? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर खुशाल सूर मारा. नसतील तर बाहेरच राहा आणि नम्रपणे विचारा.